खुंट्याला दुसरा हात

राणीसावरगावात मोठ्या गुरुजींचा शब्द अजून चालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात कुठलाही कार्यक्रम असला की माईक आधी त्यांच्याकडे जातो. आणि माईक हातात आला की गुरुजींना यादी सुचते. ही त्यांची जुनी सवय. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आलं, तेव्हा दहा निरक्षरांमागे एक स्वयंसेवक असा हिशेब होता. गुरुजींनी आपल्या वाट्याच्या वस्त्यांची यादी एका रात्रीत तयार करून तालुक्याला पोचवली. तिचं कौतुक झालं. त्या यादीतले किती जण चौथ्या महिन्यात वर्गावर होते, हे कुणी विचारलं नाही. गुरुजींनीही नाही.

गंगाखेड तालुक्याचा हा भाग बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातला. जमीन मुरमाड, पाणी आभाळाच्या मर्जीवर. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली, की वाड्या-तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तान्ही लेकरं आईबरोबर जातात, शाळेतली आजीजवळ राहतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचं मात्र अवघड होतं. सोबत न्यावं तर तिथल्या झोपडीला, म्हणजे कोपीला, धड दार नाही, मागे ठेवावं तर घरात म्हातारीशिवाय कुणी नाही. मग बापाला लग्नाची वाट दिसते. जबाबदारीही उतरते आणि एक नवा कोयताही उभा राहतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं, तेव्हा परभणी जिल्ह्यात शंभरातल्या ४८ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्यात सगळ्यांत जास्त. गावाला हा आकडा ठाऊक नसतो. दिवाळीनंतर नववीच्या वर्गात मुलींच्या बाजूला कोण दिसत नाही, ते मात्र ठाऊक असतं.

पोरांचं वेगळं. ती शाळा सोडतात आणि मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसतात.

तर गुरुजींनी ठरवलं, मागे राहणाऱ्या प्रत्येक पोराला गावातला एक मोठा माणूस जोडून द्यायचा. आईबाप नसताना विचारपूस करणारा, अभ्यासिकेत आणून बसवणारा. कल्पना चांगलीच होती. रेणुकादेवीचं नवरात्र संपलं आणि समाजमंदिरासमोर मंडप पडला. फलकावर लिहिलं, ‘मार्गदर्शक नोंदणी मेळावा’. तालुक्याचे साहेब आले, शाली आल्या, नारळ आले. हात पुढे करून शपथ झाली. त्रेचाळीस नावं नोंदली गेली. प्रत्येकाला एक फाईल, गळ्यात घालायचं ओळखपत्र आणि पाच-पाच पोरं. रात्री व्हॉट्सॲपवर ‘उद्याचे शिल्पकार’ नावाचा ग्रुप निघाला आणि त्यावर साहेबांच्या सत्काराचे फोटो पडले.

त्रेचाळीसांत निम्मी पोलीस भरतीची पोरं होती. पहाटे गंगाखेडच्या रस्त्यावर पळणारी. त्यांना सोळाशे मीटर वेळेत बसवायचं होतं, सव्वासात किलोचा गोळा लांब टाकायचा होता, मैदानाचे एकूण पन्नास मार्क आणि मग लेखीचे शंभर. भरतीची हवा उठली तसे ते परभणीला, लातूरला क्लासला गेले. त्यांना नावं ठेवण्यात काय अर्थ आहे? ज्याचं स्वतःचं उद्या कुठे आहे हे ठरायचंय, त्याच्या हातात आणखी पाच जणांचं उद्या ठेवलं होतं. उरलेल्यांत काही शालीसाठी आले होते, काही गुरुजींना नाही म्हणता येईना म्हणून. संक्रांतीपर्यंत ग्रुपवर फक्त सकाळची फुलं आणि सुविचार येऊ लागले. अभ्यासिकेचं कुलूप रोज उघडणारी एकच उरली, गंगाखेडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. पोरं तिला नुसतं ताई म्हणत.

माघात ताईही यायची बंद झाली.

चार दिवसांनी गुरुजींना कळलं की तिच्याकडे दिलेल्या पाच मुलींतल्या नववीतल्या एकीचं लग्न झालं. गावात नाही, मामाच्या गावाला, पहाटे. गुरुजी तडक ताईच्या घरी गेले. रागातच होते.

“तुला माहीत होतं?”

“व्हतं.”

“कधीपासून?”

“आठ दिसांपासून. तिनंच सांगितलं मला. रडत व्हती.”

“मग बोलली का नाहीस?”

ताईची आई चहाचं आधण टाकायला उठली होती, ती तिथेच थांबली. ताई म्हणाली, “कुणाला बोलायचं, गुरुजी? तिच्या चुलत्याला? त्यो तर त्या लग्नाचा मधला माणूस. ग्रुपवर टाकू? तुमच्याकडं यायचं म्हटलं तर तुम्ही भेटला की हजेरीच इचारता, किती पोरं आली आन् किती न्हाई. आठ रात्री मला झोप न्हाई. तुम्ही मला पाच पोरी दिल्या. मला कोण दिलं?”

गुरुजी चहा न घेता उठले. बायकोचे गुडघे दुखत असल्यामुळे त्या दिवशी दळण त्यांच्याकडे होतं. घरी जाऊन ज्वारीचा डबा घेतला आणि गिरणीत जाऊन बाकड्यावर बसले. गिरणीवाले मामा पट्टा चढवत होते. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी आपल्या पायलीची वाट बघत बसली होती. लग्न झालेल्या पोरीची ती लांबची आजी लागत होती, म्हणजे तिला सगळं माहीत होतं. गुरुजींना राहवलं नाही. मी काय चुकलो, असं त्यांनी मामाला विचारलं. मामाने गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं. म्हातारीने ऐकलं.

“गुर्जी, जनी आपल्याच गंगाखेडची ना?” ती म्हणाली. “तिच्या मदतीला देव आला. कुठं आला? मंडपात आला का? रातचं दळण पडलं, एकटीच्यानं वढंना, तवा आला न् समोर बसून खुंट्याला हात लावला. मी सासरी आले तवा ह्या गावात गिरणी नव्हती. रोजची पायली एकटीनं दळायचे. खांदा असा जायचा की लेकरू उचलता येईना. जाऊ समोर बसली की मग कायबी वाटायचं न्हाई. तुम्ही त्या पोरीला एकटीला जात्यावर बशिवलं, आन् वरून पीठ किती निघालं ते मोजत बसलाव.”

पीठ पडलं. म्हातारी डबा डोक्यावर घेऊन गेली. मामाने गिरणी बंद केली, आणि मग त्याला ऐकू यायला लागलं.

“गुरुजी, तुमची यादी समाजमंदिरात झाली,” तो म्हणाला. “माझी हितं हुते. कोणच्या घरचं दळण कोण आणतंय बघा. आई असली की आई येती. आई कारखान्याला गेली की आठ वर्षांचं लेकरू डबा फरफटत आणतंय. अन् त्या लेकराचा डबा रस्त्यात कोण उचलून देतंय, ते बी मला दिसतंय. तुम्हाला माणसं पाहिजेत ना? ती नावं देतो.”

गुरुजींचे डी.एड.चे एक सोबती पैठणकडचे. त्यांच्याशी फोनवर बोलताना पाचोडचा विषय निघाला. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी किशोरवयीन मुलींसाठी गावोगावी संध्याकाळचे वर्ग काढले होते. रोज एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या त्याच गावातल्या बाया, अट एवढीच की सातवीपर्यंत शिकलेली असावी. वर्गाला जाणाऱ्या मुलींची लग्नं पुढे गेली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं आणि परदेशातल्या अहवालांतही पाचोडचं नाव गेलं. गुरुजींनी आधी विचारलं, सातवी पास बाईला हे जमतं? मित्र म्हणाला, “जमतं. तिला आधी शिकवलं होतं, आणि अडलं तर विचारायला माणूस होतं. तुझ्या बी.ए.वालीला होतं का?” गुरुजी त्या रात्री फार बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मंडप पडला नाही. गुरुजी संध्याकाळी गिरणीत एका स्टुलावर बसू लागले. लोकांना वाटलं, म्हातारपणी माणूस नादाला लागला. प्रत्यक्षात ते मामाने सांगितलेल्या एकेका माणसाला, एकेक गोष्ट, तोंडाने मागत होते.

कंडक्टर त्यांतला एक. गंगाखेड आगारात नोकरीला, राहायला गावात. गुरुजींनी त्याला शाल दिली नाही, फाईलही दिली नाही. म्हणाले, “तुमच्या सकाळच्या गाडीला आयटीआयला जाणारा एक पोरगा असतो. वायरमनचं शिकतोय. आईबाप कारखान्यावर. त्याला रोज एवढंच विचारायचं, काल काय शिकलास? ऐकून घ्यायचं. उपदेश करायचा नाही.” कंडक्टर म्हणाला, एवढंच? मग काय, जमंल की.

शिवणकाम करणाऱ्या मावशी दुसऱ्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दाराशी मशीन. त्यांच्याकडे नववी-दहावीच्या तीन पोरी फॉल-बिडिंग शिकायला येतच होत्या. गुरुजींनी नवं काही दिलंच नाही. पोरी येतात त्यात काही वेगळं जाणवलं तर मनात ठेवू नका, इतकंच सांगितलं. कुणाला सांगायचं ते पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले.

काहींनी नाही म्हटलं. किराणा दुकानदार म्हणाला, “मला पोरांचा राग येतो गुरुजी, खोटं कशाला बोलू.” गुरुजींनी त्याचे आभार मानले आणि त्याच्याकडून अभ्यासिकेच्या वीजबिलाचं कबूल करून घेतलं. एक जण आपण होऊन आला, फार उत्साहाने, मुलींना इंग्रजी शिकवतो म्हणाला. गुरुजींनी मामाकडे पाहिलं. मामा पट्ट्याला मेण लावत राहिला, मान वर केली नाही. गुरुजींनी त्या माणसाला शाळेच्या भिंतीच्या रंगकामाचं पाहायला सांगितलं. तो पुन्हा फिरकला नाही. त्या दिवसापासून एक नियम झाला, तो गुरुजींसकट सगळ्यांना. कुठल्याही पोराजवळ बंद दाराआड एकट्याने बसायचं नाही. बसायचं ते ओसरीवर, मशीनजवळ, गाडीत, जिथे चार माणसांची ये-जा आहे. काहींना हा अपमान वाटला. ज्यांना वाटला त्यांना गुरुजींनी समजावलं नाही.

अशी अकरा माणसं जमली. आणि मग गुरुजी पुन्हा ताईच्या दारात गेले.

“मला पोरगी नको,” ती आधीच म्हणाली.

“पोरगी देत नाही. मोठी माणसं देतो. अकरा आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारायचं, तुमचं कसं चाललंय. पोराचं नाही, त्यांचं.”

“आन् मला अडलं तर?”

गुरुजींनी खिशातून कागद काढला. यावेळी यादी छोटी होती. ग्रामसेवक, कारण गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो. अंगणवाडीताई, त्याला साहाय्य करायला. १०९८, लेकरांसाठीचा फुकट फोन, दिवसरात्र. आणि शेवटी स्वतःचा नंबर, पुढे लिहिलेलं, ‘हजेरी विचारणार नाही’. ताईला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा.

सुरुवातीला मोठ्या माणसांना ताईचा तो आठवड्याचा फोन विचित्र वाटे. कंडक्टरने पहिल्या आठवड्यात सांगितलं, सगळं ठीक. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात ताई गप्प राहिली, तसा तो म्हणाला, “पोरगं म्हणतंय, मुकादमाकडं जातो. मी काय बोलू? माझा बी बाप कोयत्यावरच गेला. मी त्याला थांब म्हणायचं, पण मला तिकिटाचं मशीन मिळालं तवा थांबायला कुणी सांगितलं नव्हतं, नशीब व्हतं. खोटा धीर कसा देऊ?” ताईला उत्तर माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं. पण बाजाराच्या दिवशी गिरणी बंद झाल्यावर सगळ्यांनी चहाला जमायचं, ही पद्धत तेव्हापासून पडली. पीठ उडालेल्या त्या खोलीत कंडक्टरने तोच प्रश्न पुन्हा मांडला. मावशी म्हणाल्या, धीर देऊ नका, तुमच्या बापाची गोष्ट सांगा. त्याने सांगितली. पोरगा गेला नाही. गोष्टीमुळे की आईने फोनवर रागावल्यामुळे, देव जाणे.

मार्गशीर्षात मावशींकडची एक पोरगी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली ती स्वतःचाच ब्लाऊज शिवायला, जरीच्या कापडाचा. मावशींनी काही विचारलं नाही. माप घेतलं, परवा देते म्हणाल्या, आणि पोरगी वळली तशी चप्पल घालून ताईच्या घरी. दिवेलागणीला ग्रामसेवकाला फोन गेला होता. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि अंगणवाडीताई पोरीच्या आजीसमोर बसले. गुरुजींना यायचं होतं, ताईने त्यांना घरीच थांबवलं. तुम्ही आलात की भाषण होतं, असं ती तोंडावर म्हणाली म्हणे. मला हे खरं वाटतं.

बापाला कारखान्यावर फोन लावला. कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग एकच बोलला, “साहेब, मग पोरगी कुठं ठेवू? म्हातारीला रातचं दिसत न्हाई. काय झालं तर तुम्ही येताव का?”

कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. फोन स्पीकरवर होता. मावशी दारातून म्हणाल्या, “माझ्याकडं झोपंल. मी एकलीच हाय.”

लग्न मोडलं नाही, पुढे गेलं. अठरा पूर्ण झाल्यावर पाहू, असं आजीच्या आणि चुलत्याच्या सहीने लिहून घेतलं. पुढे ते लग्न कुठल्या वर्षी होईल, होईल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण त्या रात्रीपासून मावशींकडे एक नाही, दोघी झोपायला जाऊ लागल्या, पोरगी आणि तिची आजी. हे ताईने सुचवलं. मावशींच्या एकटीच्या खांद्यावर एवढं नको, आणि उद्या कुणी उलटसुलट बोललं तर म्हातारी साक्षीला असावी. पंधरा दिवसांनी मावशी गिरणीतल्या चहाला कुरकुरल्या, म्हातारी रात्रभर खोकते. सगळे हसले. गावच्या आशा कार्यकर्तीने, आशाताईने, दुसऱ्या दिवशी म्हातारीला दवाखान्यात नेलं.

सरपंचांना हे कळलं. त्यांनी २६ जानेवारीला झेंड्यासमोर मावशींचा सत्कार ठरवला. मावशींनी निरोप पाठवला, “सत्कार कशाचा ते माईकवर सांगाल. मग पोरीचं नाव गावभर. नको.” सरपंच गुरुजींकडे आले. आधीच त्यांना आकड्यांची चिंता होती. “गेल्या साली त्रेचाळीस व्हते, औंदा अकरा. तालुक्याला काय कळवू?” गुरुजी म्हणाले, “बारा कळवा. ताईला धरून.” सरपंचांना हा विनोद वाटला.

उन्हाळ्यात कंडक्टरची बदली झाली, दुसऱ्या आगारात. त्याने ताईला फोनवर सांगितलं की पोराला काही बोलत नाही, सोमवारपासून दुसरा कंडक्टर दिसेल, त्याला कळेलच. ताई म्हणाली, “त्याच्या आयुष्यात माणसं अशीच जातात. दिवाळीनंतर पहाटे उठावं तर घर रिकामं. तुम्ही तरी सांगून जा.” कंडक्टरला ते जड गेलं. दोन दिवस तो टाळत राहिला. शेवटच्या सकाळी, पोरगं पास दाखवत असताना, उभ्या गाडीत सांगून टाकलं. आणि हेही सांगितलं की शुक्रवारी गावाकडे येईन तेव्हा गिरणीत असेन, आणि मधल्या दिवसांसाठी आशाताईच्या नवऱ्याला, जो स्वतः मोटर रिवाइंडिंग करतो, विचारून ठेवलं आहे. पोरगं काही बोललं नाही. गंगाखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलं आणि उतरताना मागे वळलंही नाही.

रात्री साडेनऊला कंडक्टरचा फोन आला. ताईच्या ताटात भाकरी वाढून ठेवली होती, आई हाका मारत होती. कंडक्टर म्हणत होता, रुसलं हो ते, मी उगीच सांगितलं, गुपचूप गेलो असतो तर बरं झालं असतं. मग म्हणाला, संध्याकाळी आगारात परत आलो तर स्टँडवर उभं होतं, हातात वायरिंगचं जर्नल.

ताईने ताटावर झाकण ठेवलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. “बरं, मग? काय म्हणालं?”